दोघांचा केसपेपर एकच: वंध्यत्वाची कारणे, तपासण्या आणि उपचार

मूल होत नाही म्हणून स्त्रीरोगतज्ज्ञाकडे येणाऱ्या बाईची फाइल बहुधा जाडजूड असते. सोनोग्राफीचे तीन-चार रिपोर्ट, थायरॉइडची तपासणी, ट्यूबचा एक्स-रे, कुठे तरी ‘पिशवी धुतल्या’ची नोंद, कधी दुर्बिणीतून केलेली शस्त्रक्रियाही. आणि त्या सगळ्या कागदांत नवऱ्याच्या नावाचा एकही कागद नसतो, असे आजही घडते. वीर्यतपासणी ही या यादीतली सर्वांत स्वस्त तपासण्यांपैकी एक. तिला सुई लागत नाही, भूल लागत नाही. तरी ती सर्वांत शेवटी होते, किंवा होतच नाही.

गेल्या पन्नास वर्षांत वंध्यत्वावरचे उपचार फार पुढे गेले. पण जोडप्यांचे जे नुकसान होते ते तंत्र कमी पडल्यामुळे क्वचितच होते. ते होते तपासणीचा क्रम चुकल्यामुळे आणि वय निघून गेल्यामुळे. कारणे, तपासण्या, उपचार, कायदा आणि खर्च यांचा आढावा घेताना हे सूत्र पुन्हा पुन्हा हाती लागते.

किती थांबायचे?

गर्भनिरोधक न वापरता, नियमित शरीरसंबंध ठेवूनही बारा महिन्यांत दिवस राहिले नाहीत, तर त्याला वंध्यत्व म्हणावे, अशी जागतिक आरोग्य संघटनेची व्याख्या आहे. जगातल्या दर सहा प्रौढांपैकी सुमारे एकाला आयुष्यात कधी ना कधी हा अनुभव येतो, असे याच संघटनेने २०२३च्या अहवालात म्हटले आहे. म्हणजे ज्या घरात ‘आमच्यात असे कुणाला नाही’ असे ठामपणे सांगितले जाते, त्या घरातही बहुधा कुणी तरी हे गपचूप सोसलेले असते.

वर्षभराची मर्यादा हवेतून आलेली नाही. तरुण, निरोगी जोडप्यालाही एका महिन्यात दिवस राहण्याची शक्यता साधारण पाचात एक किंवा चारात एक एवढीच असते. वर्षभरात ऐंशी टक्क्यांहून अधिक जोडप्यांना यश येते. उरलेल्यांपैकी जवळपास निम्म्यांना दुसऱ्या वर्षी येते. म्हणून लग्नाला चार महिने झाले आणि सासूबाईंनी ‘गोड बातमी कधी?’ विचारायला सुरुवात केली, एवढ्यावर पंचविशीतल्या मुलीच्या तपासण्या करण्यात अर्थ नाही. उलट बाई पस्तिशीच्या पुढे असेल तर सहा महिन्यांतच डॉक्टर गाठावा. पाळी फारच अनियमित असेल, पूर्वी क्षयरोग किंवा ओटीपोटाची शस्त्रक्रिया झाली असेल, किंवा पुरुषाच्या अंडकोषांचा काही इतिहास असेल, तर थांबूच नये.

गर्भधारणेला अनुकूल असे महिन्यात जेमतेम सहा दिवस असतात: अंडे फुटण्याचा दिवस आणि त्याआधीचे पाच. शुक्राणू स्त्रीच्या शरीरात पाच दिवसांपर्यंत तग धरतात, पण स्त्रीबीजाचे आयुष्य एका दिवसाहून अधिक नसते. नवरा सुरतला किंवा दुबईत कामाला, बायको गावी, आणि भेट सणासुदीला, अशा जोडप्याचे ‘वंध्यत्व’ अनेकदा केवळ हुकलेल्या दिवसांचे असते. संबंध वेदनादायक असणे किंवा नीट होतच नसणे हेही कारण असते. ते डॉक्टर विचारत नाहीत, जोडपे सांगत नाही, आणि वर्षे तपासण्यांत जातात.

कारणे कुणाकडे?

ढोबळ हिशेब असा: एक तृतीयांश जोडप्यांत कारण मुख्यतः स्त्रीकडे सापडते, तेवढ्याच जोडप्यांत पुरुषाकडे, आणि उरलेल्यांत दोघांकडे किंवा कुणाकडेच नाही. नुसते ‘पुरुषाचा काही वाटा आहे का’ एवढेच विचारले, तर जवळपास निम्म्या जोडप्यांत उत्तर ‘हो’ येते.

स्त्रियांत सर्वाधिक आढळणारा दोष म्हणजे अंडे वेळेवर न फुटणे, आणि त्यामागे बहुतेक वेळा पीसीओएस असते. पाळी दोन-दोन महिने लांबते, वजन वाढते, चेहऱ्यावर केस येतात, सोनोग्राफीत अंडाशयात लहान लहान फुगे दिसतात. थायरॉइड आणि प्रोलॅक्टिन या संप्रेरकांच्या गडबडीनेही अंडे फुटण्यात अडथळा येतो. ही कारणे त्यातल्या त्यात सोपी, कारण ती औषधाला दाद देतात.

दुसरे मोठे कारण म्हणजे बंद झालेल्या गर्भनलिका. इथे आपल्या देशाची खास अडचण आहे ती जननेंद्रियांच्या क्षयरोगाची. छातीचा क्षय खोकल्यातून कळतो. हा मात्र वर्षानुवर्षे काहीही लक्षण न दाखवता राहतो. तो झालेल्या जवळजवळ सर्व स्त्रियांच्या नलिकांना इजा होते, आणि गर्भाशयाचे आतले अस्तरही चिकटून जाऊ शकते. सहा महिन्यांच्या औषधांनी जंतू मरतात, पण खराब झालेली नलिका पूर्ववत होईलच असे नाही. याची दुसरी बाजूही आहे: अस्तराच्या तुकड्यावरची एखादी संवेदनशील चाचणी सकारात्मक आली, एवढ्यावरच क्षयाची औषधे सुरू केलेल्याही अनेक जणी आहेत. निदान पक्के करूनच उपचार, हा नियम दोन्ही बाजूंनी पाळावा लागतो.

बाळंतपण किंवा गर्भपातानंतरचा जंतुसंसर्ग, पाळीत असह्य दुखणे देणारा एंडोमेट्रिओसिस, गर्भाशयाच्या पोकळीत शिरलेली फायब्रॉइडची गाठ, जन्मतः गर्भाशयात असलेला पडदा ही आणखी काही कारणे. ‘पिशवी धुवून घेतली की राहतं’ हा समज मात्र मोडायला हवा. कारणाशिवाय पुन्हा पुन्हा केलेल्या क्युरेटिंगने अस्तर खरवडले जाते, पोकळीच्या भिंती एकमेकींना चिकटतात, आणि नसलेला दोष निर्माण होतो.

या सगळ्यांवर वयाची सावली असते. मुलगी जन्मते तेव्हा तिच्या अंडाशयांत दहा ते वीस लाख बीजे असतात, वयात येताना तीन-चार लाख उरतात, आणि आयुष्यभरात फुटतात ती जेमतेम चारशे-पाचशे. पस्तिशीनंतर संख्या वेगाने घटते आणि बीजातल्या गुणसूत्रांचे दोष वाढतात. त्यामुळे राहण्याची शक्यता कमी होते आणि राहिलेले टिकण्याचीही. ही घसरण थांबवणारे औषध अजून निघालेले नाही.

पुरुषांची कारणे कमी नाहीत, त्यांची चर्चा कमी आहे. अंडकोषाभोवतीच्या शिरा फुगणे, म्हणजे व्हेरिकोसील. लहानपणी न उतरलेला अंडकोष. वयात आल्यावर झालेल्या गालगुंडांतून अंडकोषाला आलेली सूज. शुक्राणू वाहून नेणाऱ्या नळीतला अडथळा. गुणसूत्रांचे दोष. मधुमेह. तंबाखू, दारू, भट्टीजवळचे काम. अलीकडे भर पडली आहे ती जिममधल्या इंजेक्शनांची. बाहेरून टेस्टोस्टेरॉन मिळाले की मेंदूतली ग्रंथी अंडकोषाला ‘काम करा’ असा निरोप पाठवणेच थांबवते. दंड फुगतात आणि वीर्यातला काउंट शून्यावर येतो. इंजेक्शने बंद केल्यावर तो सहसा परत येतो, पण त्याला महिने लागतात.

महाराष्ट्रात आणखी एक कारण भेटते, ज्याला आजार म्हणता येत नाही: नसबंदी. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत राज्यातल्या विवाहित स्त्रियांपैकी निम्म्याच्या आसपास स्त्रियांची नसबंदी झालेली आढळली, पुरुष नसबंदी मात्र एक टक्क्याहूनही कमी. ग्रामीण भागात अनेकींचे हे ऑपरेशन विशी-पंचविशीत होते. पुढे मूल दगावले किंवा दुसरे लग्न झाले, की नलिका पुन्हा जोडण्यासाठी धावाधाव सुरू होते. मूल नको असतानाचा भार बाईच्या शरीरावर, आणि मूल हवे असतानाचाही तिच्याच.

तपासणीचा क्रम

पहिल्याच भेटीत दोघांनी यावे आणि केसपेपर एकच निघावा. इतिहास नीट विचारला, तर निम्मे निदान तिथेच होते. त्यानंतर पुरुषाची वीर्यतपासणी, दोन ते सात दिवसांच्या संयमानंतर. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१च्या निकषांनुसार एका मिलिलिटरमध्ये किमान १ कोटी ६० लाख शुक्राणू आणि त्यांपैकी किमान ४२ टक्के हलणारे असावेत. हे आकडे म्हणजे पास-नापासाची रेघ नव्हे. त्याखाली असलेल्यांनाही मुले होतात. शुक्राणू तयार व्हायला सत्तरएक दिवस लागतात, त्यामुळे दोन महिन्यांपूर्वीच्या तापाचा परिणामही आजच्या रिपोर्टात दिसू शकतो. रिपोर्ट वाईट आला तर काही आठवड्यांनी तो पुन्हा करावा, लगेच धीर सोडू नये.

त्याच वेळी स्त्रीची योनिमार्गातून सोनोग्राफी, थायरॉइड आणि गरजेप्रमाणे प्रोलॅक्टिनची रक्ततपासणी, हिमोग्लोबिन, साखर. थॅलेसेमियाची तपासणी आणि विदर्भ, नंदुरबार अशा पट्ट्यांत सिकलसेलची तपासणी मूल राहण्याआधीच व्हायला हवी. रोज ४०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिडची गोळीही याच टप्प्यावर सुरू करायची. नलिका मोकळ्या आहेत का, हे पाहण्यासाठी पाळी संपल्यावर आणि अंडे फुटण्याआधी एचएसजी, म्हणजे ट्यूबचा एक्स-रे. दुर्बिणीची तपासणी सरसकट नको. एक्स-रेत दोष दिसला किंवा एंडोमेट्रिओसिसची दाट शंका असली तरच ती करावी.

सध्या एएमएच या रक्ततपासणीचा फार बोलबाला आहे. अंडाशयात बीजांचा साठा किती, याचा अंदाज ती देते. औषधांना अंडाशय किती प्रतिसाद देईल, हे सांगायला ती उपयोगी आहे. पण बीजांची प्रत ती सांगत नाही. तिशीतल्या, नियमित पाळीच्या मुलीचा एएमएच कमी आला, एवढ्यावरून तिला नैसर्गिकरीत्या राहणार नाही असा निष्कर्ष निघत नाही. ‘साठा संपत आलाय, याच महिन्यात आयव्हीएफ करा’ असे कुणी सांगितले, तर दुसऱ्या डॉक्टरचे मत घ्यावे.

सगळे रिपोर्ट चांगले आणि तरी दिवस राहत नाहीत, अशी जोडपीही बरीच असतात. कारण सापडले नाही याचा अर्थ ‘होणार नाही’ असा नाही. वय कमी असेल तर यांपैकी अनेकांना वाट पाहूनच यश येते.

उपचारांच्या पायऱ्या

पीसीओएसमध्ये वजन जास्त असेल, तर पाच ते दहा टक्के घटले तरी अनेकींची पाळी आपोआप मार्गावर येते. त्यापुढची पायरी म्हणजे अंडे फुटण्याच्या गोळ्या. आज त्यासाठी लेट्रोझोलला पहिली पसंती आहे. या गोळीचा आपल्याकडचा प्रवास चमत्कारिक आहे. स्तनाच्या कर्करोगावरचे हे औषध वंध्यत्वासाठी वापरायला केंद्र सरकारने २०११ मध्ये बंदी घातली. २०१४ मध्ये अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीत पीसीओएसच्या स्त्रियांत ते जुन्या क्लोमिफिनपेक्षा सरस ठरले, आणि २०१७ मध्ये आपल्याकडची बंदी उठली. गोळ्यांनी अंडे तयार होते आहे का, हे पाहण्यासाठी ‘फॉलिक्युलर स्टडी’च्या सोनोग्राफी होतात. पण वीर्याचा रिपोर्ट न पाहता सहा-सहा महिने नुसती अंडी मोजत बसणे हा निव्वळ कालापव्यय आहे.

पुरुषांत हाताला लागणारे व्हेरिकोसील आणि वीर्यात दोष, असे दोन्ही असेल तर शस्त्रक्रियेचा विचार होतो. केवळ सोनोग्राफीत दिसणाऱ्या बारीक शिरांसाठी ती करू नये. काउंट शून्य असला तरी अंडकोषात शुक्राणू तयार होत असू शकतात. ते सुईने किंवा छोट्या शस्त्रक्रियेने काढून पुढच्या उपचाराला वापरता येतात.

मधली पायरी आययूआयची. वीर्य धुऊन, चपळ शुक्राणू वेगळे काढून ते बारीक नळीने गर्भाशयात सोडतात. किमान एक नलिका मोकळी असणे आणि शुक्राणू पुरेसे असणे ही तिची अट. प्रत्येक वेळचे यश दहा टक्क्यांच्या आसपास, त्यामुळे तीन ते सहा वेळा करून पाहणे रास्त. त्यापुढे तेच ते करत राहणे म्हणजे वय वाया घालवणे.

टेस्ट ट्यूब बेबी

२५ जुलै १९७८ रोजी इंग्लंडमधल्या ओल्डहॅम इथे लुईझ ब्राउन जन्मली. पॅट्रिक स्टेप्टो, रॉबर्ट एडवर्ड्स आणि जीन पर्डी यांच्या कामाचे ते फळ. त्याच वर्षी ३ ऑक्टोबरला कोलकात्यात डॉ. सुभाष मुखर्जी यांच्या प्रयत्नांतून दुसरी मुलगी जन्मली. गर्भ गोठवून ठेवण्याचे तंत्र त्यांनी तेव्हाच वापरले होते. पण सरकारी चौकशी समितीने त्यांचा दावा फेटाळला, त्यांची नेत्ररोग संस्थेत बदली झाली, आणि १९८१ मध्ये त्यांनी आत्महत्या केली. पुढे ६ ऑगस्ट १९८६ रोजी मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा आणि डॉ. टी. सी. आनंद कुमार यांच्या प्रयत्नांतून जन्मलेली मुलगी देशातली पहिली टेस्ट ट्यूब बेबी म्हणून नोंदली गेली. मुखर्जींच्या वह्या तपासून पहिला मान त्यांचा आहे, हे जाहीरपणे मांडले ते याच आनंद कुमार यांनी. महाराष्ट्रातले हे तंत्र महापालिकेच्या रुग्णालयातून सुरू झाले, हे इथे लक्षात ठेवण्याजोगे.

आयव्हीएफ, म्हणजे हे टेस्ट ट्यूब बेबीचे तंत्र, नेमके कुणाला? दोन्ही नलिका बंद, तीव्र एंडोमेट्रिओसिस, शुक्राणूंचा मोठा दोष, वाढते वय, किंवा साध्या उपायांना अपयश. दहा-बारा दिवस इंजेक्शने देऊन एकाच वेळी अनेक बीजे वाढवतात. शेवटच्या इंजेक्शननंतर सुमारे छत्तीस तासांनी, भूल देऊन, सोनोग्राफीच्या मदतीने ती काढतात. प्रयोगशाळेत बीज आणि शुक्राणू एकत्र आणतात, किंवा एकेका बीजात एकेक शुक्राणू टोचतात. ही इक्सीची पद्धत १९९२ मध्ये ब्रसेल्सहून आली, आणि पुरुषांच्या वंध्यत्वाचे चित्रच पालटले. मात्र वीर्य चांगले असताना इक्सीने यश वाढत नाही. पाचव्या दिवसापर्यंत वाढलेला गर्भ गर्भाशयात सोडतात, उरलेले गोठवतात. दहा बीजे मिळाली म्हणजे दहा गर्भ मिळाले असे नव्हे. फलन होऊन पाचव्या दिवसापर्यंत टिकणारे साधारण तीन-चार, कधी एकही नाही.

यशाचे आकडे हा सर्वांत निसरडा भाग. ब्रिटनमध्ये प्रत्येक केंद्राचे निकाल सरकारी नियंत्रक संस्था प्रसिद्ध करते. तिथले चित्र असे की एक गर्भ सोडल्यावर बाळ हाती येण्याचे प्रमाण पस्तिशीच्या आतल्या स्त्रियांत साधारण एक तृतीयांश, आणि चाळिशी ओलांडल्यावर दहात एक किंवा त्याहूनही कमी. आपल्याकडे फलकावर ‘ऐंशी टक्के यश’ वाचले, तर तीन प्रश्न विचारावेत. हे यश म्हणजे नुसती रक्ततपासणी सकारात्मक येणे की जिवंत मूल? एका प्रयत्नातले की तीन-चार मिळून? आणि माझ्या वयाच्या बायकांतले किती?

धोके सांगितले गेलेच पाहिजेत. अंडाशयाने औषधांना अति प्रतिसाद दिला तर पोटात पाणी साठते, रक्त घट्ट होते. पीसीओएस असलेल्यांना हा धोका जास्त. आजच्या पद्धतींनी तो बराच आटोक्यात आला आहे. ‘जुळे झाले तर एकाच खर्चात दोन’ हा हिशेबही फसवा. जुळी बाळे लवकर आणि कमी वजनाची जन्मतात, आईचा रक्तदाब वाढतो, आणि वाचवलेले पैसे नवजात बालकांच्या अतिदक्षता विभागात जातात. एका वेळी एकच चांगला गर्भ सोडणे हेच शहाणपणाचे. यावर ‘अस्तर जागे करणारी’ निरनिराळी जोडउत्पादने विकली जातात. त्यांतल्या अस्तर खरवडण्याच्या प्रक्रियेचा काहीच फायदा होत नाही, हे २०१९ मध्ये मोठ्या चाचणीतून दिसले. पुराव्याविना जोडलेल्या प्रत्येक वस्तूची किंमत मात्र बिलात दिसते.

कायदा काय सांगतो?

२०२१चे दोन केंद्रीय कायदे, एक कृत्रिम प्रजनन तंत्राचा आणि दुसरा सरोगसीचा, जानेवारी २०२२ पासून लागू आहेत. उपचार करणाऱ्या केंद्राची नोंदणी सक्तीची आहे, तेव्हा नोंदणी क्रमांक विचारण्यात संकोच नको. उपचार घेणाऱ्या स्त्रीचे वय २१ ते ५० आणि पुरुषाचे २१ ते ५५ असावे. स्त्रीबीज देणारी स्त्री २३ ते ३५ वयाची असावी, तिने आयुष्यात एकदाच बीजदान करावे, आणि सातपेक्षा जास्त बीजे काढू नयेत. बीज आणि शुक्राणूंची विक्री हा गुन्हा आहे. व्यापारी सरोगसी बंद झाली आहे. सरोगेट मातेला वैद्यकीय खर्च आणि विमा यांपलीकडे पैसे देता येत नाहीत, आणि तिलाही हे एकदाच करता येते. दात्याच्या बीजातून जन्मलेले मूल कायद्याने त्या जोडप्याचेच असते.

लिंगनिवडीवर पूर्ण बंदी आहे, आणि २००३च्या दुरुस्तीनंतर ती गर्भधारणेआधीच्या निवडीलाही लागू आहे. या विषयावर देशात पहिला कायदा महाराष्ट्राने १९८८ मध्ये केला. गर्भाची जनुकीय तपासणी गंभीर आनुवंशिक आजारांसाठी करता येते, ‘मुलगाच हवा’ म्हणून नाही.

दत्तक हा पर्याय सगळे उपचार हरल्यावर सांगायचा नसतो. केंद्रीय दत्तक प्राधिकरणाच्या पोर्टलवर नोंदणी करावी लागते, लग्नाला दोन वर्षे झालेली असावी लागतात, वयाच्या मर्यादा आहेत, आणि लहान बाळासाठी प्रतीक्षा काही वर्षांची असते. म्हणून उपचार चालू असतानाच हा विचार सुरू करणे बरे.

खर्च आणि सरकार

मुंबई-पुण्यात आयव्हीएफच्या एका प्रयत्नाला औषधांसह साधारण दीड ते अडीच लाख रुपये लागतात. एका प्रयत्नात काम होईल याची खात्री नाही. बहुतेक आरोग्यविमा पॉलिसी वंध्यत्वाला हात लावत नाहीत. दागिने गहाण पडतात, शेताचा तुकडा विकला जातो. गोव्याने २०२३ मध्ये बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात ही सेवा मोफत सुरू केली. मोठ्या राज्याला ते तेवढे सोपे नाही, हे खरे.

पण सगळ्यांना आयव्हीएफ लागत नाही. भारताने १९५२ मध्ये कुटुंब नियोजनाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला, आणि पाळणा लांबवण्याची यंत्रणा पाड्यापाड्यापर्यंत पोहोचवली. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्राचा एकूण जननदर १.७वर आलेला आढळला. ज्या ग्रामीण रुग्णालयात नसबंदीची शिबिरे होतात, तिथे मूल हवे असलेल्या जोडप्याला मात्र ‘शहरात दाखवा’ एवढेच सांगितले जाते. तिथे थुंकीतला क्षय शोधणारा सूक्ष्मदर्शक आहे, तंत्रज्ञ आहे, आठवड्यातून काही दिवस सोनोग्राफीही असते. थोडे प्रशिक्षण दिले, तर वीर्यतपासणी, थायरॉइड, सोनोग्राफी आणि लेट्रोझोलच्या गोळ्या तालुक्याच्या ठिकाणीच देता येतील. कुणाला थांबायचे, कुणाला गोळ्या पुरतील आणि कुणाला वेळ न घालवता मोठ्या केंद्रात पाठवायचे, ही निवड तिथेच होईल. जे जोडपे आज चार वर्षे आणि चार लाख रुपये घालवून आयव्हीएफपर्यंत पोहोचते, ते चार महिन्यांत आणि काही हजारांत योग्य दारी पोहोचेल. त्यासाठी आधी एक साधा नियम लागू करावा लागेल: नवऱ्याचा रिपोर्ट हाती आल्याशिवाय बायकोवर एकही शस्त्रक्रिया नाही.